विंगेतले मास्तर

मी एकदा एका बाईच्या तोंडातला 'नाही' पळवला. सोन्याची बोरमाळ पळवली असती तर निदान मोडून खाता आली असती. दुसऱ्याचा 'नाही' घेऊन माणूस करणार काय? उंब्रजला, भावकीच्या भरल्या बैठकीत, त्या बाईचे ओठ कुठे हलायला लागले होते. किती महिन्यांनी त्या शब्दासाठी हलत होते! आणि मी कोपऱ्यातून, शर्यतीच्या बैलाला बांधावरनं ओरडतात तशी ओरडले, "न्हाई! म्हणा आक्का, न्हाई!" झालं. तिच्या ओठांवर आलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि सगळ्या माना तिच्याऐवजी माझ्याकडे वळल्या.

तेव्हा मी काही कोवळी नव्हते. अठ्ठावन्न वर्षांची होते. थोरली नात शाळेत जायला लागली होती. अर्धांगवायूनंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हा माझा जन्माचा धंदा. त्या धंद्यातला पहिला धडा असा, की अडलेल्या माणसाला वेळ द्या. हा धडा मी कितीतरी पोरींना शिकवला होता, परीक्षेत त्यावर मार्क दिले होते. आता सत्तरी उलटल्यावर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बयेकडे बघते तेव्हा तिचा कान धरून बाकावर उभी करावीशी वाटते. लय शहाणी होती.

पण ही गोष्ट तिची नाही. त्या बैठकीत आक्काच्या पाठीमागे भिंतीला टेकून, काळा शर्ट घातलेले एक गृहस्थ बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. सांगायचंय ते त्यांच्याबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही. चारचौघांत कुणी नाव घेतलं की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. सांगलीत सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तर शाळेतले नव्हेत. दिवसा ते एका सरकारी कचेरीच्या भांडारात कारकून होते आणि संध्याकाळी प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात उभं राहायचं आणि नट अडला की प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं त्याला शब्द पुरवायचा. उभा जन्म त्यांनी हे केलं. सांगली, मिरज, कराड, सातारा, जिथं नाटक तिथं मास्तर. त्यामुळे झालं असं, की माणसाच्या समोर बसणं त्यांना जमेना. ते बाजूला बसत, जरा मागे, डाव्या अंगाला. चहाच्या गाड्यावर बाकाच्या टोकाला. लग्नात जेवायला पंगतीच्या कोपऱ्यात. आता ते साताऱ्याला लेकीकडे असतात, नव्वदीला टेकलेत. लेक व्हिडिओ कॉल लावून देते तेव्हा माझ्या फोनवर एक भला मोठा केसाळ कान येतो. मी त्या कानाशी तासभर बोलते. कान मधून मधून हलतो.

शर्ट काळाच. विंगेत पांढरं दिसतं म्हणून एकदा सवय लागली ती लागली. बारशाला काळा, मुंजीला काळा. लेकीच्या लग्नात व्याही म्हणाले, "शुभकार्यात हे काय?" तर मास्तर म्हणाले, "मी दिसाय आलोय व्हय? जेवाय आलोय."

दुसरं म्हणजे आवाज. त्यांना माणसाचा आवाज चालायचा, वस्तूंचा चालत नसे. प्लॅस्टिकची पिशवी कुणी चुरगाळली की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. माझ्या हातात तेव्हा डझनभर काचेच्या बांगड्या असत, हौसच होती. पहिल्या भेटीतच म्हणाले, "बाई, तुमच्या बांगड्यांना पार्ट दिलाय का कुणी?"

"नाही, का?"

"मग मधे मधे बोलत्यात कशाला?"

मी चिडून काढून ठेवल्या आणि पुन्हा कधी घातल्या नाहीत. यावरून आमच्या घरी जे रामायण झालं ते वेगळं.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. त्या सांगायच्या, "आमच्या घरात मी एकटीच बोलते. हे नुसते ओठ हलवतात. एकदा मी यांच्यावर अशी तापले, अशी तापले, की तोंडाला फेस आला. पण ऐन रंगात आल्यावर शब्दच आठवेना. तर यांनी पुरवला!"

"कुठला?"

"निर्लज्ज."

शब्द पुरवायची ही खोड नाटकापुरती राहिली नव्हती. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी अडले की मास्तर पुढचं अक्षर सोडत. एसटीत कंडक्टर थांब्याचं नाव विसरला की हे आहेतच. सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो एका शोकसभेत. गेलेले गृहस्थ भुसार मालाचे दुकानदार. एक नगरसेवक भाषणाला उभे राहिले आणि दोन वाक्यांत अडकले. मास्तरांना राहवेना. तिसऱ्या रांगेतून त्यांनी शब्द सोडला, नगरसेवकांनी झेलला. दुसरा सोडला, तोही झेलला. पण मास्तरांच्या डोक्यात आदल्या आठवड्यातली एका तबलजीची शोकसभा बसलेली. नगरसेवकांनी त्या दुकानदाराच्या बोटांमधल्या जादूचं, त्यांनी रंगवलेल्या मैफलींचं असं काही वर्णन केलं, की दुकानदारीणबाई पदर बाजूला सारून नवऱ्याच्या फोटोकडे संशयानं बघायला लागल्या. मी मास्तरांना नंतर टोकलं. म्हणाले, "मी चुकलो ते चुकलोच. पण तो गडी म्हणतच सुटला की ओ! एकदा तरी मयताच्या फोटूकडं बघायचं."

हे असे मास्तर माझ्या गळ्यात कसे पडले ते सांगते. कलावंतांनी आणि थेरपिस्टांनी हातात हात घालून काम केलं तर गावाचं आरोग्य सुधारेल, असं मी एका व्यासपीठावर म्हणून गेले होते. भाषणात म्हटलेलं करायलाही लागतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. चार लोकांनी मनावर घेतलं आणि एका मंगल कार्यालयाची मागची खोली दर शनिवारी मिळाली. वाचा गेलेली माणसं यायची, त्यांना धरून आणणारी माणसं यायची, आणि कलावंत. सांगलीत नाटकवाल्यांना काय तोटा? दगड भिरकावला तर नटालाच लागतो, आणि तो त्यावर स्वगत म्हणतो.

पहिल्या शनिवारी एक नामांकित नट आले. ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं अशा माणसांपुढं त्यांनी एका राजाचं मोठं भाषण केलं. स्वतःच रडले. पेशंट त्यांच्याकडं दयेनं बघत राहिले. नट सोबत मास्तरांना घेऊन आले होते, कारण त्यांना स्वतःची ओळखसुद्धा प्रॉम्प्टरशिवाय करून देता येत नसे.

मग चहा आला. आमच्या गटात एक जैन काका होते, हळदीचे अडते. सौद्याच्या बाजारात ज्यांचा आवाज चढला की भाव चढायचा, त्यांना आता 'चहा' हा शब्द आठवत नव्हता. ते हात हलवू लागले, तोंड उघडू लागले. मी कप घेऊन धावलेच. पण मधे काळा शर्ट आडवा आला. मास्तर काकांच्या पाठीमागे जाऊन बसले आणि काही करेनात. काकांच्या खांद्यांकडं बघत राहिले. खांदे वर गेले, खाली आले, परत वर गेले. चहावर साय धरली. आणि खांदे पुन्हा वर जाताना मास्तरांनी, आवाज म्हणता येणार नाही इतक्या हळू, "च" सोडला.

"च... हा," काका म्हणाले. आणि कुणी म्हटलं म्हणून वळून बघायला लागले, तोवर मास्तर खांबाआड.

यात नवीन काही नव्हतं बरं का. पहिलं अक्षर देऊन शब्द काढायचा, हे आमच्या पुस्तकात पहिल्याच वर्षी असतं. मला ते येत होतं. धीर तेवढा येत नव्हता. माझी सासू म्हणायची, हिला कुकरची शिट्टी होईस्तोवरही दम निघत नाही. मास्तरांकडे दम होता, पण बाकी सगळं अचाट. चेहरा बघायचा नाही, हा त्यांचा हट्ट: "चेहऱ्यानं सगळीच नाटक करत्यात बाई, खांद्यानं कुणाला येत न्हाई." वेखंड चघळलं की जीभ सुटते, हा दुसरा हट्ट. मला न विचारता त्यांनी दोघा-तिघांना वेखंडाचे तुकडे दिले. एकाचं तोंड आतून सोलून निघालं. मी मास्तरांना त्या दिवशी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ते दोन शनिवार फिरकले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले, कोपऱ्यात बसले आणि भिंतीला म्हणाले, "वेखंड बंद." एवढीच माफी.

नट पुढं यायचे बंद झाले. मास्तर राहिले.

उंब्रजचं काम नंतर लागलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्याची मागची खोली देऊ केली, आणि दर मंगळवारी मी आणि मास्तर एसटीनं सांगलीहून कराड, कराडला गाडी बदलून उंब्रज असे जायला लागलो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगायची. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. खरं सांगायचं तर त्या मंगळवारांचा मला कंटाळा यायचा. जायचं, आठ-दहा माणसं बसलेली असायची, त्यातली निम्मी गेल्या वेळेपेक्षा मागे गेलेली. शिकवलेला शब्द आठवड्यात विरून जायचा. येताना मास्तर समोर बघत ओठ हलवत बसायचे. कुठलं नाटक चाललंय ते मी विचारत नसे.

त्या खोलीत आक्का यायची, डॉक्टरीणबाईंनी सांगून आणवलेली. हायवेच्या कडेला तिची खानावळ. नवरा तरणाच गेला, मागं एक लेक, ती लग्न होऊन खंडाळ्याला. आक्कानं एकटीनं चुलीपुढं उभं राहून आयुष्य काढलं. तिच्या अख्ख्या मसुरासाठी ट्रकवाले पुढचा ढाबा सोडून इथं थांबायचे. आवाज असा, की 'भाकरी घ्या' म्हटलं तर रस्त्यापलीकडचा माणूस ताट पुढं करील. मग एके सकाळी अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि जाताना वाचा एकच शब्द विसरून गेली: व्हय.

"आक्का, बरं आहे का?" "व्हय."

"दुखतंय का कुठं?" "व्हय."

"म्हणजे बरं नाही?" "व्हय."

मानही त्या शब्दाच्या मागं मागं हलायची, त्यामुळं मानेवरही विश्वास ठेवता येईना. वैतागून मी एकदा म्हटलं, "आक्का, मी मूर्ख आहे का हो?" "व्हय," आक्का म्हणाली. तेवढा एक नेमका बसला.

हा असा आजार आम्हाला नवा नाही. पण घरच्यांना तो आजार वाटतच नव्हता, याची मला गंमत वाटावी की राग यावा ते कळेना. पुतण्याची बायको म्हणाली, "काकी आता लय गुणाच्या झाल्यात बगा. आदी कशालाबी नाट लावायच्या. आता काय बी इचारा, व्हय म्हंत्यात." बाईमाणसाला एवढा एकच शब्द उरला, तर तिला कुणी डॉक्टरकडं कशाला नेतंय?

आक्का आजारी पडल्यापासून खानावळ पुतण्या उघडत होता. तो वाईट नव्हता. सकाळी उठून शटर वर करायचा, आचारी ठेवला होता, काकीला वेळेवर गोळ्या द्यायचा. पण एका मंगळवारी तो माझ्यासमोरच तिला म्हणाला, "काकी, ढाब्यावाला जागा मागतोय. त्याला चालवाय देऊ आन् तुमी खंडाळ्याला ताईकडं जावा. चाललं न्हवं?"

"व्हय," आक्का म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुतण्या म्हणाला, "वारं गेल्यापास्नं असंच रडत्यात." पण माझ्या अंगात वीरश्री संचारली. या बाईच्या तोंडून 'नाही' काढायचाच. नाहीतर हे लोक तिला तिच्याच होकाराच्या दोरीनं बांधून खंडाळ्याच्या गाडीत बसवणार. मी भावकीतल्या एका वडीलधाऱ्या सुभेदारांना गाठलं. सैन्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस. ते म्हणाले, "बसू की समद्यांनी. वैनीला इचारू." आणि मी कामाला लागले.

पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगून बसले आहे. बैठकीत सुभेदारांनी विचारलं, आक्काचे खांदे वर गेले, ओठ हलले, आणि मी ओरडले.

पुतण्या सुभेदारांकडं बघून हसलाच. "बगा आण्णा, बोलतंय कोन! बाईंनी पढवलंय. उद्या काकीच्या तोंडनं ह्या सातबाराबी बोलत्याल."

सुभेदार चिडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या. पर आमाला वैनीचं ऐकायचं हाय, तुमचं न्हाई. फुडल्या म्हयन्यात परत बसू. तवा तुमी भाईर बसायचं."

आक्का माझ्याकडं बघत नव्हती. तिचे ओठ मिटले होते.

मला वाटलं होतं मास्तर आता माझी चामडी लोळवतील. वेखंडाचा वचपा काढतील. ते स्टँडवर एवढंच म्हणाले, "भूक लागलीया," आणि भडंगाचा पुडा घेतला. त्याचा कागद वाजत होता, तरी अर्धा मला दिला.

आता महिना हातात होता. खोलीत चित्रांचे पत्ते दाखवून काही होत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, खानावळीतच जायचं. दुपारची गर्दी सरल्यावर आक्काला तिच्या कट्ट्यावर बसवायचं, डाव्या हातात पळी द्यायची आणि समोर एक आडमुठं गिऱ्हाईक आणायचं. गिऱ्हाइकानं म्हणायचं, "आक्का, मसुरात साखर घाला." साखर म्हटल्यावर तरी ती चवताळून 'न्हाई' म्हणेल. बेत चांगला होता. गिऱ्हाईक कोण?

"मी न्हाई," मास्तर म्हणाले. "मी फुडं येत न्हाई."

"एक वाक्य आहे मास्तर."

"एक काय, अर्धंबी न्हाई."

"मग मी होते गिऱ्हाईक."

ते घाबरून माझ्याकडं वळले. "नको नको. तुमी तिचंबी वाक्य म्हणून टाकाल."

मंगळवारी एसटीत सांगलीपासून कराडपर्यंत आणि कराडपासून उंब्रजपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. मसुरात साखर घाला, मसुरात साखर घाला. खानावळीत शिरले, बाकावर बसले आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाच्या अगदी समोर तोंड करून बसले. आक्का पळी धरून वाट बघत होती. मास्तरांनी तोंड उघडलं.

काही नाही.

शब्द गेला. शेकडो नटांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला एक वाक्य आठवेना. काळ्या शर्टाची पाठ घामानं ओली झाली. मी मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. वाक्य मला तोंडपाठ होतं, जिभेच्या टोकावर नाचत होतं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. बाहेर रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, तिच्यामागं दुसरी गेली. आक्का थांबली होती. तिनं पळी कट्ट्यावर ठेवली, मांडी सावरली आणि सावकाश थांबली. तिच्यासाठी इतके दिवस कुणी ना कुणी थांबलं होतं, तशी.

शेवटी मास्तरांच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं, "ता... ताक हाय का?"

"न्हाई," आक्का म्हणाली.

ताक संपलं होतं. कुठल्याही दुपारी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिनं सांगितलं. आणि मग स्वतःच दचकली. डावा हात तोंडावर गेला. हातामागून पुन्हा, हळूच: "न्हाई. ताक... न्हाई." आणि ती हसायला लागली. अर्धाच चेहरा हसत होता, पण अख्खी आक्का हसत होती.

मी तोंडातला पदर काढला आणि नाक पुसलं. मास्तरांना मात्र आनंद वगैरे काही नव्हता. ते घाम पुसत, चिडक्या गिऱ्हाइकासारखं म्हणाले, "मग हाय तरी काय?"

"व्हय," आक्का म्हणाली.

तर असं. आजार असा एका दुपारीत हार मानत नाही. त्या महिन्यात 'न्हाई' कधी यायचा, कधी नाही. कधी नको तिथं यायचा. मास्तर पुन्हा तिच्या पाठीमागं जाऊन बसायला लागले आणि समोर बसायचा विषय मी काढला नाही.

दुसऱ्या बैठकीला मी बाहेर. खानावळीच्या मागल्या अंगाला खिडकीखाली कांद्याची पोती होती, त्यातल्या एकावर बसले. तिथून गजांमधून दोन पाठी दिसत होत्या: आक्काची, आणि तिच्या मागं मास्तरांची. सुभेदारांचा आवाज आला, "वैनी, घाई न्हाई. खानावळ ढाब्यावाल्याला द्यायची?"

आक्काचे खांदे वर गेले. खाली आले. आत कुणीतरी खाकरलं. पुतण्या म्हणाला, "गप बसली म्हंजे तयार हाय म्हनायचं."

"गप रं," सुभेदार म्हणाले.

खांदे परत वर गेले. मास्तर हलले नाहीत. मी कांद्याच्या पोत्याचा काथ्या मुठीत धरून बसले होते.

"न्हाई."

स्वच्छ. कुणाच्या मदतीशिवाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनातल्या मनात पुढच्या भाषणाची सुरुवातसुद्धा केली. काय करणार, स्वभाव. पण सुभेदार लष्करातला माणूस, एकदा विचारून सोडणारा नव्हे. त्यांनी उलटं करून विचारलं, "मंग पयल्यासारखी तुमीच चालवनार?"

अर्थातच, मी मनात म्हटलं. तिचा जीव आहे तो. खिडकीबाहेर माझे ओठ आपोआप 'व्हय' असे हलले.

आत पुन्हा खांदे वर, खाली. आणि मग: "न्हाई."

पुतण्या टाळी देऊन हसला. "झालं! दोनीला न्हाई! आवं आण्णा, काकीला कळतंय कुठं तुमी काय इचारताय ते? आदी समद्याला व्हय हुतं, आता समद्याला न्हाई. काय फरक पडला?"

तिचा 'नाही' पुन्हा जाणार. या खेपेला कुणी पळवायच्या आधीच मोडीत निघणार. मी उठले, गुडघा कटकन वाजला, आणि आत जाऊन सांगावं म्हणून वळले. पण सांगणार काय? मलाच कळत नव्हतं.

सुभेदारांनी हात वर केला असावा, हसणं थांबलं. "वैनी," ते म्हणाले, "मंग काय करायचं? तुमीच सांगा."

हा सगळ्यात अवघड प्रश्न. हो-नाहीवर भागणार नव्हतं, शब्द तिचा तिलाच काढायचा. मास्तर पुढं झुकले. मला वाटलं, आता ते अक्षर सोडतील. पण कुठलं? त्यांची मान बाजूला वळली तेव्हा खिडकीतून मला त्यांचं तोंड दिसलं. ओठ घट्ट मिटलेले होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. त्यांचे ओठ न हलताना पहिल्यांदा बघितले.

आक्कानं डावा हात उचलला, डोक्याच्या वर नेला आणि शटर ओढतात तसा खाली ओढला.

"ब... बंद," ती म्हणाली. दम घेतला. "बंद." आणि तोच हात मागं नेऊन तिनं कंबरेवर ठेवला, दुखतंय तिथं दाबतात तसा दाबला, आणि अशी काही बसली, की त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला चूल दिसली असणार.

"आइकलं?" सुभेदार म्हणाले. "द्यायची न्हाई, चालवायची न्हाई. बंद. खंडाळ्याचं तिचं ती ठरवील. उठा."

पुतण्यानं संध्याकाळी शटर ओढलं. त्याचं तोंड उतरलं होतं आणि मला त्याचीही कीव आली. रोज सकाळी तेच वर करायला उठत होता तो. जाताना मला एवढंच म्हणाला, "बाई, तुमाला वाटलं हुतं ती चालवल, व्हय न्हवं?" मी हो म्हटलं. आक्का बाहेर बाकावर पाय लांब करून बसली होती आणि रस्त्याकडं बघत होती. तिचा चेहरा मी इतके दिवस कधी एवढा रिकामा, एवढा सैल बघितला नव्हता. तिनं हात केला. मीही केला.

त्या पहिल्या दिवशीचं तिचं रडणं कशाचं होतं, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. चित्रांचे पत्ते होते, महिने होते, एसटीचे मंगळवारच मंगळवार होते. पण ते अश्रू खानावळीसाठीच, हे मी बघताक्षणी ठरवून मोकळी झाले होते. त्या दिवशी मी ओरडण्याआधी आक्का 'न्हाई' म्हणाली असती, तरी मी त्याचा अर्थ माझाच लावला असता.

परतीच्या गाडीत मास्तर नेहमीसारखे शेजारी, समोर बघत. दिवस कलला होता. मी फार थकले होते, नुसत्या पायांनी नव्हे. म्हटलं, "मास्तर, मी दोन्ही खेपेला चुकले."

ते समोर बघतच म्हणाले, "बाई, नाटकात माझ्या हातात पुस्तक असायचं, म्हणून फुडचं वाक्य मला ठाव असायचं. ह्या बाईचं पुस्तक तुमच्याजवळ न्हाई आन् माझ्याजवळबी न्हाई. 'चालवणार' असंच धरून मीबी बसलो हुतो की मागं. डोळा लावा आता जरा. कराड आलं की हाक मारतो."